फँटसी बेसबॉल सुटले, मरिनर्स राहिले

देवराई (धागाकर्ता)

३० सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिॲटल मरिनर्स हा आमचा बेसबॉल संघ एकवीस वर्षांनंतर प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, पोहोचला. त्या क्षणी माझ्या तोंडून जे वाक्य निघाले त्याची टोचणी अजून गेलेली नाही. त्या वाक्यापासूनच माझा फँटसी बेसबॉलचा सोळा वर्षांचा छंद उतरणीला लागला. आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी एखादा स्पर्धात्मक छंद जिवापाड जपला असेल आणि पुढे तो हातातून सुटलाही असेल, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मी २००३ साली नोकरीनिमित्त सिॲटलजवळच्या बेलव्ह्यूमध्ये आलो. त्यापूर्वी बेसबॉलचा एकही सामना पाहिलेला नव्हता. २००१ साली मरिनर्सनी नियमित सीझनमध्ये ११६ सामने जिंकून शिकागो कब्जच्या १९०६ मधल्या विक्रमाशी बरोबरी केली होती, आणि त्या वर्षाच्या गोष्टी ऑफिसात अजून ताज्या होत्या. मी आलो त्या वर्षीही संघाने ९३ सामने जिंकले. पुढच्याच वर्षी ९९ हरले. त्या पडझडीच्या सीझनमध्ये आमच्या इचिरो सुझुकीने २६२ हिट्स (चेंडू मारून निदान पहिला बेस, म्हणजे धावेचा पहिला टप्पा, गाठणे) मारून १९२० पासून टिकलेला जॉर्ज सिसलरचा विक्रम मोडला, आणि मी या संघात गुंतलो तो त्या एका माणसामुळे. संघ हरतो आहे आणि हा गृहस्थ मात्र रोज तितक्याच निगुतीने बॅट उभी धरून, बाही किंचित ओढून पिचरसमोर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासमोर, उभा राहतो आहे, हे दृश्य पाहण्यासाठी मी संध्याकाळी लवकर घरी येऊ लागलो.

पण हरणाऱ्या संघाचा ऑगस्ट महिना फार लांब असतो. सीझनमध्ये १६२ सामने होतात, आणि संघ तळाला गेला की शेवटच्या पन्नास-साठ सामन्यांत पाहण्यासारखे काही उरत नाही. २००७ साली ऑफिसातल्या मित्रांनी मला त्यांच्या फँटसी बेसबॉलच्या गटात घेतले, तेव्हा ही पोकळी भरून निघाली. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आम्ही बारा जण होतो. मार्चमध्ये लिलाव व्हायचा. प्रत्येकाने २६० काल्पनिक डॉलरमध्ये निरनिराळ्या खऱ्या संघांतले २३ खेळाडू घ्यायचे, आणि पुढचे सहा महिने त्या खेळाडूंच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीची दहा रकान्यांत बेरीज करायची. बॅटिंगचे पाच रकाने म्हणजे सरासरी, होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर), धावा, आपल्या फटक्यावर संघाला मिळवून दिलेल्या धावा आणि चोरलेले बेस (फटक्याशिवाय पळून गाठलेले). पिचिंगचे पाच म्हणजे विन (पिचरच्या नावावर लागणारा विजय), सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखणे), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद करणे) आणि दिलेल्या धावांचे व बेसवर पोहोचू दिलेल्या बॅटरांचे अशी दोन प्रमाणे. प्रत्येक रकान्यात पहिल्याला बारा गुण आणि शेवटच्याला एक. डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी १९८० मध्ये ही पद्धत सुरू केली. मॅनहॅटनमधल्या 'ला रोटिसरी फ्रान्सेझ' या रेस्टॉरंटवरून तिला 'रोटिसरी' हे नाव पडले. सुरुवातीला आठच रकाने होते, दोन नंतर वाढले.

मला त्याची चटक लागली. पहाटे पाचला उठून मी कोणता पिचर जखमी झाला आणि त्याच्या जागी कोण येणार हे पाहायचो, आणि इतर अकरा जण जागे होण्याआधी त्याला उचलायचो. सोळा सीझनमध्ये दोनदा जिंकलो. त्या दोन विजयांचा आनंद खरा होता आणि आजही तो मी नाकारणार नाही.

आता त्या रात्रीकडे येतो. सीझनचे जेमतेम सहा दिवस उरले होते. आमच्या गटात मी दुसरा होतो, आणि 'विन' या रकान्यात आणखी एक विन मिळाला असता तर मी पहिल्याला गाठणार होतो. त्या दिवशीचा मरिनर्सचा पिचर लोगन गिल्बर्ट माझ्या यादीत होता. ओकलंडविरुद्ध त्याने सामन्याच्या नऊपैकी आठ इनिंग टाकल्या आणि एकच धाव दिली, परंतु आपल्या संघाचीही एकच धाव होती. नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात दोन बाद असताना कॅल राले बदली बॅटर म्हणून आला. तीन बॉल, दोन स्ट्राइक झाले, म्हणजे आणखी एक स्ट्राइक गेला की तो बाद. पुढचा चेंडू त्याने उजवीकडे फाउल पोलच्या आतून असा भिरकावला की आवाजावरूनच होमरन असल्याचे कळले. आमच्या दिवाणखान्यात अकरा वर्षांची मुलगी सोफ्यावरून खाली उडी मारून ओरडत होती. एकवीस वर्षांचा दुष्काळ संपला होता, आणि मी हातातल्या फोनकडे पाहत म्हणालो, "विन ब्रॅशला गेला."

तिने विचारले, "बाबा, कोण ब्रॅश?" मॅट ब्रॅशने नववी इनिंग टाकली होती. मी तिला नियम समजावून सांगू लागलो. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग आईला उठवायला आत गेली. टीव्हीवर मैदानात खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते. ज्या क्षणाची मी एकोणीस वर्षे वाट पाहिली होती तो माझ्यासमोर घडला, आणि मी त्या वेळी दुसरीकडेच होतो.

पुढच्या मार्चमध्ये मी लिलावाला गेलो नाही. मला विचारायचे आहे ते असे, की तुमच्यापैकी कुणाचा असा छंद सुटला आहे का, आणि सुटताना ज्या गोष्टीसाठी तो धरला होता ती गोष्ट परत मिळाली का?

कोयनाकाठ

मी कराडचा. बेसबॉलचा गंध नाही, पण लेख एका बैठकीत वाचला. एक शंका आहे. ज्याने आठ इनिंग टाकल्या त्याला विन नाही आणि ज्याने एकच टाकली त्याला विन, हा कुठला न्याय? आपल्याकडे क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या नावावर विजय लिहितच नाहीत, त्यामुळे हे डोक्यात बसत नाही.

देवराई (धागाकर्ता)

तुमची शंका रास्त आहे, आणि बेसबॉलमध्येही त्यावर खूप वाद झाले आहेत. संघाने शेवटपर्यंत टिकणारी आघाडी घेतली त्या वेळी जो पिचर हिशेबात असतो, त्याच्या नावावर विन लागतो. सुरुवात करणाऱ्या पिचरला तो मिळण्यासाठी निदान पाच इनिंग टाकाव्या लागतात आणि तो बाहेर पडताना संघ पुढे असावा लागतो. त्या रात्री गिल्बर्ट बाहेर पडला तेव्हा १-१ अशी बरोबरी होती. नववीचा पूर्वार्ध ब्रॅशने टाकला आणि उत्तरार्धात होमरन आला, म्हणून विन ब्रॅशचा.

विन हा आकडा पिचरच्या कौशल्यापेक्षा त्याच्या संघाच्या बॅटिंगवर अधिक अवलंबून असतो. याचे सर्वांत ठळक उदाहरण मरिनर्सचेच आहे. २०१० साली संघ १०१ सामने हरला. त्या वर्षी आपला पिचर फेलिक्स हर्नांडेझ याचे दिलेल्या धावांचे प्रमाण नऊ इनिंगांमागे २.२७ होते, आणि तरी त्याच्या नावावर १३ विन व १२ पराभव लागले. मतदारांनी विनकडे न पाहता त्याला अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दिला. मी तेव्हा त्या निर्णयाचे तावातावाने समर्थन केले होते. विन हा आकडा पोकळ आहे हे मला बारा वर्षे आधीपासून पुरते ठाऊक होते, आणि तरीही त्या रात्री मी तोच मोजत बसलो. स्पर्धेच्या नियमात एखादी गोष्ट गुणांना पात्र ठरली, की तिच्याविषयी आपले स्वतःचे मत काय आहे याला मनात जागाच उरत नाही.

उत्तररात्र

माझे मत थोडे वेगळे आहे. मी बॉस्टनमध्ये असतो आणि गेली चौदा वर्षे फँटसी बेसबॉल खेळतो. या खेळाने मला बेसबॉल शिकवला. आपल्या संघाचे सामने पाहणारा माणूस आपल्याच संघाला ओळखतो. फँटसी खेळणाऱ्याला मात्र कॅन्सस सिटीचा सातव्या क्रमांकाचा बॅटर आणि मिलवॉकीचा राखीव पिचरही ठाऊक असतो. शिवाय परदेशात आल्यावर ज्या स्थानिक माणसांशी माझी खरी मैत्री झाली, ती सगळी त्या गटातली आहेत. लिलावाचा शनिवार आम्ही सणासारखा पाळतो. तुमचा त्या रात्रीचा अनुभव चटका लावणारा आहे, पण दोष खेळाचा की तुमच्या खेळण्याच्या पद्धतीचा? माझ्या यादीत मी आमच्या बॉस्टनच्या रेड सॉक्सविरुद्ध खेळणारा पिचर कधीच ठेवत नाही. एवढे पथ्य पाळले तर दोन्ही गोष्टी सुखाने नांदतात.

देवराई (धागाकर्ता)

तुमचे म्हणणे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. इतर २९ संघांची ओळख मला त्या स्पर्धेनेच करून दिली, आणि आजही मी परक्या दोन संघांचा सामना आवडीने पाहू शकतो तो त्याच शिदोरीवर. मैत्रीबद्दलही तुमच्याशी सहमत आहे.

पथ्याचा प्रयोग मात्र मी करून पाहिला होता आणि तो फसला. गिल्बर्ट तर आपल्याच संघाचा होता, विरोधी संघाचा नव्हता, आणि तो चांगलाच खेळला होता. संघ जिंकावा ही इच्छा आणि माझे गुण वाढावेत ही इच्छा त्या रात्री एकाच दिशेला होत्या, तरीही धाकटी इच्छा थोरलीवर चढून बसली.

याच्या दहा वर्षे आधीची एक दुपार सांगतो. १५ ऑगस्ट २०१२, बुधवार. फेलिक्स हर्नांडेझने टँपा बे रेजविरुद्ध परफेक्ट गेम टाकला. सत्तावीस बॅटर आले आणि सत्तावीस बाद झाले, एकालाही पहिला बेस दिसला नाही. बारा स्ट्राइकआउट, निकाल १-०. मेजर लीगच्या इतिहासातला तो तेविसावा परफेक्ट गेम, आणि आजपर्यंत मरिनर्सच्या पिचरने टाकलेला एकमेव. मी ऑफिसात होतो, सामना एका कोपऱ्यातल्या खिडकीत चालू होता. रेजचे दोन बॅटर माझ्या यादीत होते. सहाव्या इनिंगपर्यंत मला एवढेच जाणवत होते की माझ्या दोन माणसांची सरासरी घसरते आहे. सातव्या इनिंगला शेजारचा सहकारी उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि काही बोलेना, तेव्हा माझ्या ध्यानात आले की काहीतरी घडते आहे. शेवटच्या बॅटरला त्याने तिसऱ्या स्ट्राइकवर उभा बाद केले आणि दोन्ही हात आकाशाकडे उंचावले. मी तो सामना पहिल्या चेंडूपासून पाहिला असे मी वर्षानुवर्षे लोकांना सांगत आलो. पहिल्या सहा इनिंग माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या, पण मी त्या पाहिल्या नाहीत.

पायवाट

पुण्याहून लिहिते आहे. आमच्या घरी हाच प्रकार क्रिकेटच्या ॲपवर झाला. अकरा खेळाडू निवडायचे, त्यांतल्या कर्णधाराचे गुण दुप्पट आणि उपकर्णधाराचे दीडपट. आमच्याकडे पैसे नव्हते लावलेले, घरातल्या घरात भावंडांची चुरस होती, पण चुरस अशी की भारताचा सामना सुरू असताना माझा भाऊ समोरच्या संघाच्या सलामीवीराने पन्नाशी गाठावी म्हणून देव पाण्यात घालून बसायचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली आणि त्या ॲपवरचे पैशांचे सामने थांबले. आम्हाला त्याचा काही फरक पडायचे कारण नव्हते, तरी आमचाही खेळ त्याच सुमारास आपोआप मागे पडला.

मला विचारायचे आहे ते माणसांबद्दल. इतकी वर्षे ज्यांच्यासोबत खेळलात, त्यांना तुम्ही कसे सांगितले? मला छंद सोडणे जड गेले नाही, भावंडांचा तो गजबजलेला गट शांत झाला हे जड गेले.

देवराई (धागाकर्ता)

तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले. स्पर्धेतून पाय काढणे सोपे होते, त्या माणसांतून निघेना. मी फेब्रुवारीत गटाच्या व्यवस्थापकाला फोन केला आणि यंदा येणार नाही असे सांगितले. त्याला वाटले की घरी काही अडचण आहे. मी त्याला खरे कारण सांगितले, ब्रॅशच्या विनसकट. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की त्या रात्री त्यालाही पहिला विचार आपल्या गुणांचाच आला होता, कारण राले त्याच्या यादीत होता आणि त्याला एक होमरन मिळाला. म्हणजे त्या एका चेंडूवर आम्ही दोघे मित्र, दोघे मरिनर्सचे चाहते, एक हळहळत होता आणि दुसरा खूश होता, आणि दोघांच्याही भावनेचा मरिनर्सशी काही संबंध नव्हता. तो आजही खेळतो. आम्ही दोघे दर वर्षी दोन-तीनदा स्टेडियमवर एकत्र जातो आणि तो आता माझ्यासमोर फोन बाहेर काढत नाही. उरलेल्यांपैकी पाच-सहा जणांशी संबंध तुटल्यातच जमा आहे. आमच्यात त्या रकान्यांखेरीज दुसरा विषय नव्हता, हे मला नंतर कळले, आणि त्याचे दुःख आहे.

हाताला मात्र काहीतरी लिहिण्याची सवय होती, ती जाईना. म्हणून मी स्कोअरबुक आणले. प्रत्येक बॅटरच्या प्रत्येक पाळीसाठी एक चौकट असते आणि तिच्यात मैदानाचा छोटा चौकोन छापलेला असतो. बॅटर बेसवर पोहोचला की त्या चौकोनाची बाजू पेन्सिलीने ठळक करायची, धाव पूर्ण झाली की चौकोन भरून टाकायचा. क्षेत्ररक्षकांना एक ते नऊ असे ठरलेले आकडे असतात. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) चेंडू अडवून पहिल्या बेसवर फेकला तर सहा-तीन. स्ट्राइकआउट म्हणजे के, आणि बॅटर बॅट न फिरवता उभा बाद झाला तर तोच के उलटा लिहायचा. हे करताना एकही चेंडू नजरेआड करून चालत नाही, आणि त्यात कुणाशी स्पर्धा नसते. मुलगी पहिल्या महिन्यातच माझ्यापेक्षा नीटस लिहू लागली. फेलिक्सच्या त्या सामन्याचे पान मीच लिहायला हवे होते असे फार वाटते. त्याची शेवटची चौकट उलट्या के ची आहे.

सातासमुद्रापार

मी टोरंटोची, ब्लू जेज संघाची चाहती. त्यामुळे सावधपणे लिहिते आहे. तुमच्या लेखातल्या रात्रीनंतर आठच दिवसांची गोष्ट, ८ ऑक्टोबर २०२२. आम्ही ८-१ असे पुढे होतो आणि तुम्ही १०-९ ने जिंकलात. आठव्या इनिंगमध्ये तुमच्या क्रॉफर्डचा तो उंच, संथ चेंडू झेलायला आमचे जॉर्ज स्प्रिंगर आणि बो बिशेट एकाच वेळी धावले आणि एकमेकांवर आदळले. तीन धावा झाल्या आणि स्प्रिंगरला गाडीवरून बाहेर न्यावे लागले. तीन वर्षांनी त्याच स्प्रिंगरने तुम्हाला काय केले, ते मी इथे लिहीत नाही.

मला एक स्पष्ट प्रश्न विचारायचा आहे. २०१० साली, संघ १०१ सामने हरत असताना, तुम्ही हा छंद सोडला असता का? मला वाटते की संघ जिंकू लागला म्हणून तुम्हाला स्पर्धेची गरज उरली नाही. छंदातून माणूस मोठा होतो की परिस्थिती बदलते, हे ठरवणे मला अवघड वाटते. मी स्वतः ऑनलाइन बुद्धिबळाचे रेटिंग वाढवण्याचा नाद सोडला तो समज आली म्हणून नव्हे, बाळ झाले आणि रात्री हात मोकळे राहिले नाहीत म्हणून.

देवराई (धागाकर्ता)

प्रश्न टोकदार आहे आणि त्यावर मी दोन दिवस विचार केला. २०१० साली मी सोडला नसता. तेव्हा ती स्पर्धा मला ऑगस्ट महिन्यातून पलीकडे नेत होती, आणि तिच्यावाचून मी कदाचित बेसबॉलच सोडला असता. त्या अर्थाने मी तिचा ऋणी आहे.

परंतु संघ जिंकू लागला म्हणून सोडला, हे मात्र पुढच्या वर्षांशी जुळत नाही. २०२३ मध्ये मरिनर्स ८८ सामने जिंकून एका सामन्याने बाहेर राहिले. २०२४ मध्ये ८५ जिंकून पुन्हा एका सामन्याने. ती दोन्ही वर्षे मी कोणत्याही रकान्याच्या आधाराशिवाय काढली. २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात मला झोप लागत नव्हती, आणि मन दुसरीकडे वळवायला हाताशी काहीच नव्हते. फँटसीमध्ये आपला संघ हरला तरी कुठेतरी, दुसऱ्या शहरात, आपला एखादा माणूस होमरन मारतोच. तो दिलासा गेला.

मग २०२५ आले. रालेने ६० होमरन मारले. तो कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा, आणि कॅचरचा एका सीझनमधला आधीचा विक्रम ४८ चा होता. ज्या रात्री त्याने साठावा मारला त्याच रात्री संघाने २००१ नंतर प्रथमच आपला विभाग जिंकला. मग प्लेऑफमधला डेट्रॉइटविरुद्धचा पाचवा सामना पंधरा इनिंग चालला आणि होर्गे पोलान्कोच्या हिटवर ३-२ असा संपला. आमच्या स्कोअरबुकाच्या पानावर तेवढे रकानेच नव्हते, म्हणून मुलीने वहीचा कागद चिकटवला.

आणि मग तुमचे टोरंटो, २० ऑक्टोबर, अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना. सातव्या इनिंगच्या सुरुवातीला आम्ही ३-१ असे पुढे होतो. वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, आठ-नऊ बॅटर बाद करण्याइतकी दूर होती, आणि मरिनर्स आजवर तिथे कधीही न पोहोचलेला एकमेव संघ आहे. आमच्या बझार्डोच्या चेंडूवर स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन मारला. मुलीने पेन्सिलीने तीन चौकोन भरले, काळजीपूर्वक, कडेच्या बाहेर न जाऊ देता. मी तिच्याकडे पाहत होतो, आणि त्या वेळी माझ्या खिशात फोन नव्हता, तो आत चार्जिंगला होता.

सातासमुद्रापार

नंतरचे माहीत आहे तुम्हाला. वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सनी आम्हालाही सातव्या सामन्यात, अकराव्या इनिंगमध्ये हरवले. त्या रात्री मी मुलाला मांडीवर घेऊन खूप वेळ बसून होते. शेवटचे पान कसे लिहिले तुम्ही?

देवराई (धागाकर्ता)

नववीत दोन बाद झाले होते आणि हुलिओ रोड्रिगेझ खेळत होता. बॅट फिरवून बाद झाला, म्हणून के सरळ लिहायचा. मुलीने पेन्सिल माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "बाबा, हा तुम्ही लिहा." मी लिहिला. मग तिने खाली निकाल लिहिला, ४-३, आणि त्याखाली तारीख. नव्या सीझनसाठी आता मोठ्या पानांचे स्कोअरबुक पाहतो आहोत, अठरा इनिंगांपर्यंत रकाने असलेले. कुणाला असे कुठे मिळते हे माहीत असल्यास कृपया इथे लिहावे.